नंद्या, शाफ्टची चूक नव्हती

नंद्या, क्लबच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून दिली. आंब्याच्या शेडमधलं तुझं पूल टेबल, जहाजावरची वर्षं, तुझा हात, तुझी थट्टा करायची सवय, सगळं व्यवस्थित लिहिलंय. चिटणीस वाचून म्हणाला, "मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत." मला ती पानं त्याच्या हातून घेऊन फाडावीशी वाटली. त्यात एकही वाक्य खोटं नाही. जे लिहायला हवं होतं तेवढंच त्यात नाही.

ते इथे लिहितोय. हे अंकात जाणार नाही, कुठेच जाणार नाही. मला माहीत होतं, नंद्या. तुला काहीतरी होतंय आणि त्याचा तुझ्या क्यूच्या शाफ्टशी काडीचा संबंध नाही, हे तू कोसळायच्या तीन आठवडे आधी मला कळलं होतं. आणि मी गप्प बसलो.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊक असलेलंही सांगतो, ऐकून घे. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना लेथ शिकवली, क्रमाने सांगितल्याशिवाय मला काही सांगितल्यासारखं वाटतच नाही. त्यावरून तू मला किती पिडलंस! "मास्तर, गोष्ट सांगतोयस की जॉब ड्रॉइंग वाचतोयस?"

गणपतीपुळ्याकडचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा तू तिथलं टेबल टेम्पोत घालून तुझ्या गावी, पावसला, आणलंस आणि बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडलंस. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "हे कशाला आणलंत? आता आंबे कुठे लावायचे, माझ्या डोक्यावर?" तू म्हणालास, "ह्याच्यावरच लावायचे गो." आणि खरंच तसं केलंस. हंगाम आला की टेबलावर प्लायवूड, त्यावर पेंढा, पेंढ्यावर हापूस. अडीच महिने खेळ बंद. शेवटची पेटी गेली की प्लाय उचलायचं, आणि मग पुढे कितीतरी दिवस त्या हिरव्या कपड्याला आंब्याचा वास. वाकून नेम धरला की नाकात शिरायचा. शहरातल्या क्लबची पोरं आपल्याला आंबा टेबलवाले म्हणायची. तुला त्याचं कौतुक वाटायचं, माझं डोकं फिरायचं.

प्लाय निघालं की पहिलं काम ठरलेलं होतं. कपाट उघडायचं आणि शाफ्ट टेबलावर लोळवून बघायचे. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, मागच्या जाड दांड्याला काही होत नाही, पण पुढचा निमुळता शाफ्ट आपल्या दमट हवेत वाकतो. वाकला की लोळताना त्याचं टोक उड्या मारतं. कपाटात बारा महिने एक पिवळा बल्ब जळत ठेवायचास तू, ओल लागू नये म्हणून. वहिनी म्हणायच्या, देवापुढे नंदादीप लावायला ह्यांना सांगावं लागतं, काठ्यांपुढे मात्र अखंड. इतकं करूनही माझा शाफ्ट दर वर्षी थोडा तरी उडायचा. तुझा सुळ्ळकन जायचा. सिंगापूरच्या कुठल्याशा दुकानातून घेतलेला तो मेपलचा शाफ्ट, टोकाला तेरा मिलिमीटर, वापरून वापरून मधासारखा पिवळा झालेला. पंचवीस वर्षं तू तो बदलला नव्हतास.

आणि अकरा वर्षं आपण त्यावरून भांडलो.

माझं म्हणणं साधं होतं, आणि ते बरोबर होतं. बॉलच्या मधोमध मारलं तर तो सरळ जातो. साइड, म्हणजे फिरकी, द्यायला म्हणून कडेला मारलं तर तो थोडा उलट अंगाला सरकतो. उजवीकडे मारलंस तर डावीकडे, डावीकडे मारलंस तर उजवीकडे. शाफ्ट टोकाशी जितका जड तितकं हे सरकणं जास्त. आता तू म्हणजे साइड दिल्याशिवाय एक बॉल मारणार नाहीस. सरळ बॉललासुद्धा साइड, भाताला फोडणी देतात तशी. मग तुझ्यासारख्याने बारीक, हलक्या टोकाचा शाफ्ट घ्यावा की नाही? जो माणूस जोरात आणि मधोमध मारतो, त्याला तेरा मिलिमीटर चालतो. ज्याचा पंजा मोठा आहे, शाफ्टभोवती बोटांची कडी सैल बसते, त्याला चालतो. तुझा ना पंजा मोठा, ना मार सरळ. मी मायक्रोमीटर घेऊन यायचो, शाफ्टवर दर दोन इंचांना खुणा करायचो, कागदावर आकृती काढून दाखवायचो.

"झालं शिकवून?" तू विचारायचास. मग डोळे मिटायचास, मुद्दाम, मला खिजवायला, आणि डोळे मिटून एक लांबचा बॉल घालायचास. घालायचास, मेल्या! "शाफ्ट निवडायचा चपलेसारखा," म्हणायचास. "पायात घालून चार पावलं चालायचं. चावली तर परत द्यायची. तू काय करतोस, दुकानात टेप घेऊन बसतोस." मी म्हणायचो, तुला सवय झालीय, तुझा हात त्या शाफ्टची चूक भरून काढतोय. तू म्हणायचास, मग झालं तर, चूकही माझी आणि भरपाईही माझीच, तुझ्या पोटात का दुखतंय?

मला पटवता आलं नाही. तुला पटवायचंही नव्हतं. एकदा हट्टाला पेटून मी घरच्या लेथवर शिवणीच्या लाकडाचा शाफ्ट काढला. तीन आठवडे खपलो. हलका, गुळगुळीत, साडेअकरा मिलिमीटर. तू हातात घेतलास, कानाशी नेऊन टिचकी मारलीस, चेहरा अगदी गंभीर. एक बॉल मारलास. मग म्हणालास, "छान झालाय. बायकोला देतो, वाळवणावरचे कावळे हाकायला." मी आठ दिवस आलो नाही. नवव्या दिवशी तू स्कूटर घेऊन माझ्या दारात. "चल मास्तर, रुसायला आपण काय नवरा-बायको आहोत?" तो शिवणीचा शाफ्ट तू टाकला नाहीस. तोही कपाटात, बल्बच्या उजेडात, तुझ्या शाफ्टशेजारी उभा करून ठेवलास. त्या वर्षी माझी बायको गेलेली होती आणि मला घरात कुणी हाक मारणारं नव्हतं. हे तुला माहीत होतं, पण तू ते एकदाही बोलून दाखवलं नाहीस. रोज चारची एसटी पकडून पावसला यायचं, साडेसातला तू मला स्कूटरवरून रत्नागिरी शहरात सोडायचास. माझ्या दिवसात तेवढंच होतं. ते तू मला दिलंस, आणि त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू शिव्याच घातल्या असत्यास.

गेल्या जूनमध्ये प्लाय उचललं, शाफ्ट लोळवले, खेळ सुरू झाला. आषाढ सरता सरता तू चुकायला लागलास.

आधी एखादा. मग दिवसाला चार-पाच. सोपे, नेहमीचे, मधल्या पॉकेटचे बॉल. पॉकेटच्या कडेला थडकून परत यायचे. तू शाफ्टच्या टिपकडे बघायचास, खडू लावायचास, पुन्हा मारायचास. आणि मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण आनंद झाला रे. अकरा वर्षांनी तुझा हात त्या जाड शाफ्टची चूक भरून काढेनासा झाला. वय झालं. आता तरी येशील वळणावर. माझ्या मित्राचा खेळ माझ्या डोळ्यांदेखत सुटत होता आणि मी मनात म्हणत होतो, बघ, मी म्हणत नव्हतो?

मी म्हटलं, "शाफ्ट बदल."

तू म्हणालास, "बदलू या."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. अकरा वर्षं ज्याने एक मिलिमीटर मागे घेतला नाही, तो माणूस एका शब्दात हो म्हणतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही! मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा तेच आठवत बसलो, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. तू म्हणालास "बदलू या", आणि म्हणताना तू माझ्याकडे बघत नव्हतास, टेबलाकडे बघत होतास. आता तो चेहरा आठवतो. घाबरलेला होता तो.

गणपतीच्या आधी नवा शाफ्ट कुरिअरने आला. काळा, कार्बनचा, अकरा पूर्णांक आठ. आपल्या हवेत न वाकणारा. मी स्वतः तो तुझ्या दांड्याला बसवला आणि तुझा जुना मेपलचा कपाटात ठेवला. तू पहिला बॉल मारलास, चुकला. मी म्हटलं, साहजिक आहे. पंचवीस वर्षं तू नेम थोडा हटवून धरत आलायस, आता शाफ्ट सरळ मारतोय, म्हणून तुझी भरपाईच तुला नडतेय. हात बसायला वेळ लागतो. हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेन. शास्त्राने ते चूक नव्हतं. मला ते हवं होतं, ही गोष्ट वेगळी.

मग मी वही मांडली, आषाढापासूनचे चुकलेले बॉलही आठवून तारखांसकट त्यात लिहिले. तुला ठाऊक आहे माझं, लिहिल्याशिवाय जमत नाही. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, साइड उजवी की डावी, आणि चुकला तर कुठल्या अंगाला चुकला. तू हसायचास. "मास्तर, माझी जन्मपत्रिका मांडतोयस काय?" मी म्हणायचो, दोन आठवड्यांत तुझा दोष शोधून देतो. शोधला, नंद्या. मांडलेली वही खोटं बोलत नाही.

दसऱ्यानंतरच्या त्या मंगळवारी माझ्या घरी, जेवणाआधी, मी वही उघडून बेरजा करायला बसलो. शाफ्टची चूक असेल तर ती दोन्हीकडे वाटली जाते. उजवी साइड दिली की एका अंगाला, डावी दिली की दुसऱ्या अंगाला. हे मी तुला अकरा वर्षं शिकवत आलो. वहीत काय होतं? उजवी साइड, बॉल उजवीकडे चुकला. डावी साइड, उजवीकडे चुकला. मधोमध मारला, उजवीकडे चुकला. जुन्या शाफ्टने उजवीकडे, नव्या शाफ्टने उजवीकडे. पानं उलटत गेलो. सगळे उजवीकडे.

जगातला कुठलाही शाफ्ट असं करू शकत नाही. हे मला जितकं ठाम माहीत आहे तितकं दुसरं काहीच माहीत नाही.

आणि मग मागचं सगळं ओळीने डोळ्यांसमोर यायला लागलं. वहिनींनी चहा आणून तुझ्या उजव्या हाताशी ठेवला होता, त्याला पाच मिनिटं झाल्यावर तू विचारलंस, "आज चहा नाही का मिळायचा?" वहिनी म्हणाल्या, "पुढ्यात आहे, डोळे आहेत की आंबे?" आपण तिघेही पोट धरून हसलो. शेडच्या दाराच्या चौकटीवर तुझा उजवा खांदा दोनदा आपटला, तू चौकटीलाच शिवी घातलीस. ताटातल्या उजवीकडच्या भाकरीला हात न लावता तू उठलास, म्हणालास वहिनी आज भाकरी वाढायला विसरल्या. हे सगळं मी बघितलं होतं. प्रत्येक वेळी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आलो. साडेसातला तू स्कूटरची किल्ली काढलीस. मी ती तुझ्या हातातून घेतली आणि म्हटलं, "आज मी चालवतो, कंबर धरलीय, मागे बसलं की दुखते." तू मागे बसलास. मला शहरात सोडून तू स्कूटर परत नेणार, म्हणून मी म्हटलं, आज माझ्याकडेच राहू दे, उद्या घेऊन येतो, तू एसटीने जा. त्यानंतर रोज काही ना काही सबब. मी तुला तीन आठवडे रस्त्यावर स्कूटर चालवू दिली नाही.

बघ म्हणजे मला किती कळलं होतं. उजव्या अंगाने समोरून येणारा ट्रक तुला दिसणार नाही इतकं कळलं होतं. स्कूटरची किल्ली काढून घेण्याइतकी अक्कल होती, तोंड उघडण्याइतकी नव्हती.

का? क्लबच्या जोड्यांच्या स्पर्धेला अठरा-वीस दिवस राहिले होते, हे एक. एकसष्ट वर्षांत मी कुठे काही जिंकलेलो नाही, आणि त्या पोरांना आंबा टेबलवाले कोण ते दाखवायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, स्पर्धा होऊ दे, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. मोतीबिंदू असेल. डोळेच असतील. पण हे खरं कारण नव्हे. खरं कारण तुला सांगतो. तू डॉक्टरकडे गेलास की चारची एसटी संपली. शेड संपली, भांडण संपलं, आणि मी पुन्हा त्या घरात भिंतीकडे बघत बसणार. मला अजून थोडे दिवस हवे होते. तुझ्या डोक्यात काय वाढत होतं मला माहीत नव्हतं, पण माझे दिवस मी तुझ्यातून काढून घेत होतो.

आणि एक संध्याकाळ आहे, जी मला झोपू देत नाही. बाहेर उजेड होता अजून. तू ओळीने तीन चुकलास. क्यू टेबलावर आडवा ठेवलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "मास्तर, खरं सांग. मला काही होतंय का रे?"

तू मला विचारलंस. दुसऱ्या कुणाला नाही, वहिनींना नाही, मला. वही माझ्या मांडीवर होती.

मी म्हटलं, "हात बसायला वेळ लागतो."

तू मान हलवलीस, क्यू उचललास, खडू लावलास. एवढंच. माझ्यावर विश्वास ठेवलास.

दिवाळीनंतरच्या रविवारी आपण स्पर्धेला उभे राहिलो. पहिल्याच फेरीत शेवटचा काळा बॉल तेवढा राहिला होता, आणि पाळी तुझी. तू टेबलाभोवती बघत म्हणालास, "काळा कुठे गेला?" तो तुझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर होता. पोरं हसली. त्यांना वाटलं नंदूकाकांची नेहमीची थट्टा. तूही हसलास, त्यांच्याबरोबर. मी पुढे होऊन बोटाने दाखवला. तू मारलास, उजवीकडे चुकला. हरलो. तू खुर्चीत जाऊन बसलास, म्हणालास, "तुझी हौस फिटली नाही रे, मास्तर." आणि तुझा हात झटके द्यायला लागला, मग सगळं अंग, आणि तू खाली पडलास.

रत्नागिरीहून कोल्हापूर. फोटो काढले, गाठ दिसली, डोक्यात मागच्या बाजूला, लिंबाएवढी. डोळे तुझे शाबूत होते. डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचायचं तिथेच ती बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? वहिनी म्हणाल्या, "आठ-दहा दिवस डोकं दुखतंय म्हणत होते." मी त्यांच्या मागे उभा होतो. माझ्याकडे आषाढापासूनच्या तारखा होत्या, वार होते, पॉकेटसकट. मी काही बोललो नाही. नंतर डॉक्टरांना जिन्यात एकटं गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला वाटलं होतं ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. त्या तीन शब्दांवर मला आता जगायचं आहे.

ऑपरेशननंतर अकरा दिवस मी तुझ्या उशाशी होतो. वहिनी जेवायला गेल्या होत्या तेव्हा तू डोळे उघडलेस. जीभ जड झाली होती. म्हणालास, "मास्तर... तुझा शाफ्ट चांगला होता. मी उगाच नावं ठेवली." मी तुझा हात धरला. म्हटलं, "झोप आता." तू माझी माफी मागत होतास, नंद्या! तेव्हा सांगायचं होतं. तुझं शुद्धीत असणं दिवसाला घटकाभर, आणि त्या घटकेत मी तुला झोप म्हणालो. पुढे तुला घरी आणलं, मग तू माणसं ओळखेनासा झालास, आणि पौषात गेलास. तू ठेवलेली नावं तशीच राहू देत, माफी नको. शाफ्ट चांगला नव्हता, वाईट नव्हता. त्याचा संबंधच नव्हता.

आज तेराव्यानंतर पहिल्यांदा तुझ्याकडे गेलो होतो. बागेला मोहोर चांगला आलाय. वहिनी पडवीत बसल्या होत्या, सुपात तांदूळ, पण निवडत नव्हत्या. किती वाळल्यात त्या. तुझी बहीण मला हळूच म्हणाली, "दोन घासांवर उठते. म्हणते, मी बायको असून मला कळलं नाही, मी काय डोळे मिटून संसार केला?"

मी जरा बसलो. वहिनींनी चहाचं विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. मग त्यांनी मान वर केली.

"भावजी, एक विचारू? तुम्ही रोज संध्याकाळी ह्यांच्याबरोबर असायचात. माझ्यापेक्षा जास्त तुम्ही बघितलंत त्यांना. तुम्हाला काही जाणवलं होतं का हो? काही तरी?"

मी सांगणार होतो. तुझी शपथ, ते मनात धरूनच चारची एसटी पकडली होती, वही पिशवीत होती. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, पुन्हा उंबरा चढू नका म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं. मी तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्यांचे खांदे सैल झाले. "मग बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या माणसाला कळलं नाही, म्हणजे ते कळण्यासारखं नव्हतंच." आणि रडल्या, मोकळं रडल्या, तुझी बहीण धावत आली. रडून झाल्यावर उठल्या, तोंड धुतलं, आणि मला म्हणाल्या, "थांबा, भात टाकते. दोघं जेवू."

माझ्यासमोर बसून त्या पोटभर जेवल्या, नंद्या. दुसऱ्यांदा भात घेतला. आता मी त्यांना खरं कसं सांगू?